ओसरीवरची सरहद्द

आमच्या अकोल्याच्या साडूंइतका जगभर पसरलेला माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका जागचा न हललेलाही झाला नाही. ही दोन्ही विधानं मी जबाबदारीनं करतो आहे. मी सहकारी बँकेत हिशेबतपासनीस आहे. ज्याला पावती नाही असं काही लिहिताना माझा हात अडतो. पण साडूंच्या बाबतीत कुणी पावती मागितलीच, तर लंडन, नैरोबी, रंगून, एडन अशा गावांहून त्यांच्या नावानं येणाऱ्या पोस्टकार्डांकडे मला बोट दाखवता येईल. साडू वकील होते. अकोल्यात वकिलांना तोटा नव्हता. बांधाचे, वाटणीचे, मारामारीचे खटले चालवणारे वकील गल्लोगल्ली होते. पण पासपोर्ट, व्हिसा आणि नागरिकत्व या तीनच गोष्टींची वकिली करणारे साडू एकटे. आणि इतक्या लोकांना इतक्या सरहद्दी ओलांडून देणारा हा गृहस्थ, कायद्याच्या परीक्षेसाठी नागपूरला काढलेला काळ सोडला, तर मूर्तिजापूरच्या पलीकडे कधी गेला नाही. नागपूरच्या त्या प्रवासाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एवढंच सांगायची की परत आले तेव्हा त्यांना स्टेशनवरून दोघांनी धरून आणलं होतं.

कारण साधं होतं. त्यांना गाडी लागायची. आगगाडी लागायची, मोटार लागायची, टांगा लागायचा. जत्रेतला पाळणा नुसता वर जाताना पाहिला तरी ते लिंबू शोधायला लागत. अमरावतीला मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला यायचंच असा त्यांनी निश्चय केला. सकाळी उपाशीपोटी पॅसेंजरमध्ये बसले, डोळे मिटून मूर्तिजापूरपर्यंत तग धरला, आणि तिथे जे उतरले ते पुन्हा चढले नाहीत. अक्का मुलांना घेऊन पुढे आली. साडू दिवसभर मूर्तिजापूरच्या फलाटावर बसून शकुंतला नावाच्या आगगाडीची छोट्या रुळांवरची ये-जा पाहत राहिले आणि संध्याकाळी परतीच्या गाडीनं, पुन्हा डोळे मिटून, घरी गेले. चार दिवसांनी मला त्यांचं कार्ड आलं. ‘आपल्या वास्तूच्या निम्म्या वाटेपर्यंत प्रत्यक्ष हजर होतो. सबब माझी निम्मी हजेरी लावून घ्यावी, ही विनंती.’ मी नकाशात अंतर पाहिलं. हिशेब बरोबर होता.

या धंद्यात ते पडले कसे, याची हकिगत त्यांच्या तोंडून अशी की त्यांना कुणी ढकललं नाही, बाकीचे सगळे बाजूला झाले. देशाचे दोन देश झाले आणि सिंधमधून आलेली कुटुंबं अकोल्यात कापडाची, फरसाणाची दुकानं घालून बसली. त्यांना हे कागद, ते कागद, दाखले, शपथपत्रं लागायला लागली. बाररूममधले वकील म्हणाले, हा काय कायदा आहे का, ही तर कारकुनी. साडू तेव्हा बांधांच्या दाव्यांना कंटाळलेले होते. ते म्हणत, बांध शेताचा असला की एका माणसाचं डोकं फुटतं, देशाचा असला की घर फुटतं. मग मोठा दावा कुठला? त्यांनी मुंबई-दिल्लीहून गॅझेटं मागवली, नियम पाठ केले, आणि एका बंद पडलेल्या शाळेच्या लिलावातून पृथ्वीचा गोल आणला. त्या गोलावर देश जुन्याच रंगांचे होते. साडूंनी लाल शाईनं नव्या सरहद्दी ओढल्या. शाई पुसट झाली की पुन्हा ओढत, आणि ओढताना दर वेळी चेहरा असा करत, जणू आपल्याच हातावर ओरखडा काढताहेत.

हळूहळू त्या कायद्यानं त्यांचं घर व्यापलं. त्यांच्याकडे जाणाऱ्या पाहुण्याला दारातच तीन प्रश्न असत. येण्याचं प्रयोजन काय? मुक्काम किती दिवसांचा? परतीची सोय आहे का? त्यांच्या मनात काही वावगं नसे, नुसती जिभेला लागलेली सवय. मी पहिल्या वेळी गोंधळलो, मग तयारीनं जायला लागलो. चपला काढता काढता म्हणायचो, ‘उन्हाळ्याची सुट्टी, आठ दिवस, तिकीट खिशात आहे.’ साडू समाधानानं मान हलवत आणि मगच पाणी येई. पण आमच्या सासूबाईंना ही कल्पना नव्हती. त्या लोणच्याची बरणी घेऊन उन्हातून लेकीकडे आल्या, उंबऱ्यावर पाय ठेवतात तोच जावयानं विचारलं, ‘मुक्काम किती दिवसांचा?’ सासूबाई बरणीसकट मागे वळल्या. अक्का धावली, साडू तिच्या मागून धावले, आणि चौकातल्या पानवाल्यासमोर हात जोडून म्हणाले, ‘आई, आपल्याला कायमचा मुक्काम मंजूर आहे.’ सासूबाई दोन महिने राहिल्या. अक्का म्हणे, कायमचा म्हटल्यावर दोन महिन्यांत सुटलो हे नशीब.

दुसरी गोष्ट खोटेपणाची. साडू खोटा शब्द लिहीत नसत, आणि अशिलाला लिहू देत नसत. हे वाचायला सोपं आहे. वऱ्हाडात त्या काळी निम्म्या लोकांचा जन्म एक जुलैला झालेला होता, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकत. आमच्या ओळखीच्या एका बौद्ध शिक्षकाचा मुलगा, वानखडे, शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला शिकायला निघाला. त्याच्याही शपथपत्रात एक जुलै. साडू म्हणाले, ‘तू एक जुलैला जन्मला हे तुला माहीत आहे का?’ तो म्हणाला, ‘नाही, आई सांगते, पेरण्या आटपल्या होत्या.’ मग साडूंनी लिहिलं, ‘शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक जुलै, मातेच्या सांगण्याप्रमाणे पेरण्यांनंतर.’ पासपोर्ट कचेरीतून विचारणा आली की पेरण्या म्हणजे कोणती तारीख. साडूंनी त्या वर्षी त्याच्या गावी, तेल्हाऱ्याकडे, पाऊस केव्हा लागला याचा दाखला मिळवून पाठवला. त्याच मुलाच्या जुन्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात वेगळंच काही होतं. तिथे मात्र साडूंनी मास्तरांचं काहीएक चालू दिलं नाही. टाक घेऊन ठळक अक्षरात ‘बौद्ध’ लिहिलं आणि म्हणाले, हे त्याला स्वतःला माहीत आहे, इथे दाखल्याला कोण विचारतो? मुलगा वेळेवर इंग्लंडला पोचला. त्याचं कार्ड आलं तेव्हा साडूंनी ते अक्काला वाचून दाखवलं, मला वाचून दाखवलं, आणि आम्ही अंगणात गेल्यावर गड्यालाही वाचून दाखवलेलं मी ऐकलं.

पण त्यांची खरी करामत म्हणजे तालीम. ओसरीच्या मधोमध खडूनं रेघ ओढलेली असे. रेघेच्या आत टेबल, टेबलामागे काळा कोट घातलेले साडू. ते परदेशचे अधिकारी. रेघेच्या बाहेर अशील, हातात पिशवी घेऊन. अशिलानं रेघेपाशी यायचं, उभं राहायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि साडूंनी हात केला तरच आत पाऊल टाकायचं. अक्का जकातीवर. ती पिशवी उलटी करून पाहायची. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्यांच्या बागाईतदाराचा मुलगा लंडनला जायचा होता. अक्कानं त्याच्या ट्रंकेतून तिखटाचे डबे, शेवया आणि दोन उश्या काढून बाहेर ठेवल्या, तेव्हा तो रडकुंडीला आला. साडू घरात मवाळ माणूस, पण अधिकारी झाले की भयंकर होत. ते म्हणत, खरा अधिकारी माझ्यापेक्षा बरा निघाला पाहिजे, नाही तर तालमीचा उपयोग काय? आम्ही पाहुणे म्हणून गेलो की मला कारकून करून बसवत. मी नोंदी घेई. प्रामाणिकपणे सांगतो, बँकेच्या कामापेक्षा मला त्यात जास्त मजा वाटे.

अशाच एका उन्हाळ्यात आम्ही लांबलचक रजा काढून अकोल्याला गेलो होतो. चीनच्या लढाईला फार दिवस झाले नव्हते आणि परका माणूस म्हटलं की लोक डोळे बारीक करून पाहत. दुपारी ओसरीवर वाळ्याच्या पडद्याला पाणी मारत साडू बसलेले असताना एक म्हातारी आली. डोक्यावरून पदर, हातात कापडाची घडी, तोंडावर रस्त्याची धूळ. साडूंनी सवयीनं विचारलं, ‘येण्याचं प्रयोजन?’ म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बापू, मले हाकलून राहिले.’

साडू उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत एखाद्या अशिलासाठी ते उठलेले मी पाहिले नव्हते.

ती तेल्हाऱ्याची दाई होती. साडूंचं मूळ गाव तेल्हारा, आणि तिथे हिंदू, मुसलमान, बौद्ध कुणाच्याही घरी बाळंतपण अडलं की तिलाच बोलावणं जाई. सारा गाव तिला दाईमाय म्हणे. साडूंच्या जन्माच्या वेळी ती नवी सून म्हणून सासूच्या हाताखाली शिकत होती. ‘याची नाळ म्या नाई कापली,’ तिनं मला लगेच सांगून टाकलं, ‘माह्या सासूनं कापली. म्या कंदील धरला व्हता.’ साडूंच्या खरेपणाचं मूळ कुठे आहे, याचा मला तेव्हा थोडा अंदाज आला.

तिची हकिगत अशी. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन जावयाबरोबर कराचीला गेलेली. मुलीला दिवस गेले, प्रकृती नाजूक, आईला ये म्हणून निरोप आला. दाईमाय म्हणाली, साऱ्या गावाच्या लेकींची बाळंतपणं केली, माझ्या लेकीचं दुसरी कुणी करील का? ती रीतसर कागद करून गेली. मूल झालं, मुलगी मात्र अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. यात इतका काळ गेला की जाताना केलेल्या कागदाची मुदत संपली. मुलीला मूठमाती दिल्यावर तिला घरी परतायचं होतं. जावई म्हणाला, इथला पासपोर्ट लवकर होतो. त्यानं अर्ज भरला, तिनं अंगठा उठवला. पाकिस्तानच्या पासपोर्टवर काही महिन्यांचा व्हिसा घेऊन ती तेल्हाऱ्याला आली, पासपोर्ट पेटीत कपड्यांच्या तळाशी घातला आणि त्याच रात्री एका घरी बाळंतपणाला गेली. पोलिसात नोंद करायची असते, मुदत वाढवून घ्यायची असते, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आपल्याच गावात कोण नोंद करतं? काही वर्षं कुणी विचारलंही नाही. आता तपासण्या सुरू झाल्या आणि देश सोडून जायची नोटीस आली. तिचा नवरा तेल्हाऱ्यातच वारलेला, तिथेच पुरलेला. कराचीत आता तिला ठेवून घेणारं कुणी नव्हतं. जावयानं दुसरं लग्न केलं होतं आणि नातवंड नव्या आईकडे वाढत होतं.

साडूंनी त्याच दिवशी कलेक्टर कचेरीत धाव घेतली आणि तिला तात्पुरतं राहू द्यावं अशी मुदत मिळवली. मग मला समजावलं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला त्या क्षणी तिचं इथलं नागरिकत्व कायद्यानं संपलं. पण तिचा नवरा इथला नागरिक होता, आणि अशा बाईला पुन्हा नोंदवून घ्यायची वाट त्याच कायद्यात आहे. अर्ज कचेरीतून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला जाईल. सगळं जमण्यासारखं आहे. फक्त अधिकाऱ्यासमोर तिला एक वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलावं लागेल.

ते वाक्य म्हणजे, ‘मी सध्या पाकिस्तानची नागरिक आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम सुरू झाली. दाईमाय रेघेबाहेर, साडू टेबलामागे, मी कारकून. नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, तिनं खणखणीत सांगितलं. साडूंनी विचारलं, ‘सध्या कोणत्या देशाच्या नागरिक?’

‘तेल्हाऱ्याची.’

‘देश, दाईमाय.’

‘तेल्हारा देशातच हाय ना?’

साडूंनी समजावलं की इथला नागरिक व्हायचं तर आधी आपण इथले नाही हे कबूल करावं लागतं. जो इथलाच आहे त्याला इथला कसा करणार? दाईमायनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मंग तू म्हनतो, खोटं बोलू?’ त्या दिवशी तालीम तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. साडूंनी गोल आणून दाखवला, लाल रेघ दाखवली. तिनं बोट ठेवून विचारलं, यात तेल्हारा कुठे आहे? तेल्हारा त्या गोलावर नव्हता. ‘ज्यात गावच नाई थ्या गोलाचं मले काय सांगून राहिला?’ असं म्हणून ती अक्काला कैऱ्या चिरू लागायला आत निघून गेली.

साडूंची झोप उडाली. अर्जाची तारीख जवळ येत होती, आणि म्हातारी अधिकाऱ्यासमोर तेल्हारा तेल्हारा करत बसली तर अर्ज फेटाळला जाणार आणि नोटीस पुन्हा उभी राहणार हे स्पष्ट होतं. मी सुचवलं की तिच्या वतीनं आपणच सांगावं. साडू म्हणाले, चालत नाही. अक्कानं सुचवलं की तिला वाक्याचा अर्थ न सांगता इंग्रजीत पाठ करून घ्यावं. साडूंनी अक्काकडे असं पाहिलं की ती उठून चहा टाकायला गेली.

मग एका सकाळी मी ओसरीवर आलो तर टेबलामागे, काळा कोट खांद्यावर घेऊन, दाईमाय बसलेली. साडू रेघेबाहेर, हातात पिशवी. ‘आज तुमी साहेब,’ ते तिला म्हणाले, ‘इचारा.’ दाईमायला गंमत वाटली. तिनं कोट सावरला आणि साडूंचा आवाज काढून विचारलं, ‘नाव काय? कुठचा? कायले आला? किती दिवस राहाशीन?’ साडूंनी सगळी उत्तरं दिली. मग म्हणाले, आता देश विचारा. तिनं विचारला. आमचे साडू, पेरण्यांचा दाखला मागवणारे, जन्मात खोटा शब्द न लिहिलेले, ताठ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘मी सध्या पाकिस्तानचा नागरिक आहे.’

दाईमाय खो खो हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. साडूंचं म्हणणं, वाक्य कानाला सरावलं की तोंडाला येतं. पण ओसरी रस्त्यावर होती आणि साडूंचा आवाज कोर्टातला होता. समोर एक निवृत्त तहसीलदार राहत. रोज सकाळी दात घासताना, समोरचा वकील पाकिस्तानचा नागरिक असल्याचं त्यांना ऐकू यायला लागलं. बाररूममध्ये बातमी पोचली. कुणी तरी विचारलं, ‘काय वकीलसाहेब, कराचीची हवा मानवते का?’ साडू म्हणाले, ‘मला मूर्तिजापूरची मानवत नाही, तुम्ही कराचीचं काय विचारता?’ सगळे हसले, पण हसणं साधं नव्हतं. दोन पक्षकारांनी आपले कागद परत नेले. अक्काला भाजीबाजारात एक बाई म्हणाली की तुमच्याकडे कोण बाई येऊन राहिली ते जरा पाहा. अक्कानं मला रात्री हळूच विचारलं, यांना काही होणार तर नाही?

शेवटी तहसीलदारांनी कळवलं म्हणून चौकीवरचा हवालदार आला. ऐन तालमीच्या वेळी. मी कारकुनाच्या खुर्चीत घामाघूम झालो. साडू मात्र त्याला पाहून इतके खूश झाले की त्यांनी दाईमायला उठवून हवालदाराला टेबलामागे बसवलं. म्हणाले, बरं झालं आलात, आम्हाला खरा सरकारी आवाज हवाच होता, विचारा. हवालदार बसला, टोपी टेबलावर ठेवली, आणि एकदा प्रश्न विचारायला लागल्यावर तो थांबेना. साडूंना त्यानं अर्धा तास उभं केलं. पिशवीही उलटी केली. जाताना दाईमायकडे पाहून म्हणाला, ‘बुढे, हे काय नाटक हाय?’ तिनं त्याला सांगितलं काय चाललंय ते. तो ऐकत उभा राहिला. मग साडूंना म्हणाला, ‘तुमी कावून म्हनता साहेब थे वाक्य? उद्या कोनी लिहून देईन वरती.’

साडूंनी त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. हवालदार गेल्यावर दाईमायनं पहिल्यांदाच आपणहून विषय काढला.

‘बापू, तू खोटं बोलून राहिला. रोज.’

‘हाव.’

‘तुले तर खोटं चालत नाई म्हनते तुही बायको.’

‘नाई चालत. रात्री झोप येत नाई.’ साडू रेघेपाशीच जमिनीवर बसले. ‘दाईमाय, माह्या तोंडात थे वाक्य खोटं हाय. तुमच्या तोंडात थे खरं हाय. कागदापुरतंच खरं, पण खरं. म्या खोटं बोलून पाह्यलं, होते. तुमाले खरं बोलाचं हाय, थे होत नाई का?’

दाईमायच्या मांडीवर तो काळा कोट होता. त्याची निघालेली बाही ती बोटानं चाचपत होती. मग म्हणाली, ‘मेली थे पोरगी तिथं. तिच्यासाठी गेली व्हती. त्या कागदानं मले तिच्यापाशी नेलं नाई, तिच्यापासून आनलं. त्याचं नाव घ्याले जीभ उठत नाई बापू.’ एवढंच. आत जाताना तिनं कोट अक्काकडे दिला आणि सुई-दोरा मागितला.

कचेरीच्या दिवशी टांगा केला. टांग्यात दाईमाय आणि मी, आणि टांगा लागत असल्यामुळे साडू शेजारून पायी. टांगेवाला त्यांच्या चालीनं घोडा हाकत होता आणि मागून येणाऱ्या सायकली घंटा वाजवत होत्या. कचेरीत वरच्या मजल्यावरचे अधिकारी तरुण होते, पुण्याकडचे, नुकतेच आलेले. साडूंना त्यांनी भिंतीशी उभं राहायला सांगितलं आणि मधे बोलायचं नाही अशी तंबी दिली. नाव झालं, नवऱ्याचं नाव झालं. मग त्यांनी विचारलं, ‘आपण सध्या कोणत्या देशाच्या नागरिक आहात?’

दाईमायनं साडूंकडे पाहिलं. साडू तोंड मिटून उभे होते. ओठ मात्र हलत होते, जणू तेच वाक्य पुन्हा म्हणताहेत. ती समोर वळली.

‘कागदानं पाकिस्तानची,’ ती म्हणाली. ‘बाकी समदी तेल्हाऱ्याची.’

कारकुनानं टाक उचलून विचारलं, साहेब, हे कसं लिहायचं? साहेबांनी म्हातारीकडे पाहिलं, भिंतीशी उभ्या वकिलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘पहिला अर्धा भाग लिहा. दुसरा मी ऐकला.’ बाहेर आल्यावर साडूंनी कचेरीच्या पायरीवर बसून लिंबू हुंगलं. मी म्हटलं, तुम्ही तर गाडीत बसला नव्हता. ते म्हणाले, ‘आज न बसताच लागली.’

अर्ज दिल्लीला गेला आणि तिथे राहिला. दाईमाय तेल्हाऱ्याहून दर महिन्याला मोटारीनं यायची, एकच प्रश्न विचारायची, आला का जबाब? साडू दर वेळी तेच सांगत, ‘नाई आला. पन जबाब येईपर्यंत कोनी काढत नाई. राहा खुशाल.’ ते वाक्य अक्काच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात जबाब आला. मंजूर. तिनं निष्ठेची शपथ घेतली, कारकुनानं वाचली, तिनं शब्दामागून शब्द म्हटला, अंगठा उठवला. तेल्हाऱ्याला परत जायच्या आधी ती ओसरीवर आली, काळा कोट मागून घेतला, टेबलामागे बसली आणि साडूंना रेघेबाहेर उभं करून चारही प्रश्न विचारले. पुढे हा त्यांचा रिवाजच झाला. ईदच्या शेवया घेऊन येई तेव्हा आधी टेबलामागे बसे, आणि बरोबर उत्तरं दिल्याशिवाय शेवयांचा डबा उघडत नसे.

तीन-चार वर्षांनी साडूंच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या. साडू म्हणाले, मूर्तिजापूरच्या पलीकडे माझा व्हिसा नाही. या वेळी आम्ही कुणीही हसलो नाही, पण त्यांना उचलून गाडीत घालण्याची कुणाची छातीही झाली नाही. बायको आणि मी अकोल्याला जाऊन राहिलो. दारात मी सवयीनं थांबलो. आतून कुणी काही विचारलं नाही.

तेल्हाऱ्यात कळलं तशी दाईमाय आली. आता तिला नीट दिसत नव्हतं. अक्कानं तिला साडूंच्या खाटेशी नेऊन बसवलं. तिनं हात फिरवून त्यांचं कपाळ पाहिलं, मनगट पाहिलं. इतकी बाळंतपणं केलेल्या बाईला हातालाच सगळं कळत असावं. मग पदर सावरून ताठ बसली.

‘नाव काय?’

साडूंनी नाव सांगितलं.

‘कुठचा?’

‘तेल्हाऱ्याचा.’

‘कायले आला व्हता?’

‘लोकायच्या कामानं.’

‘किती दिवस राहाशीन?’

साडू हसले. बोलायला त्रास होत होता, पण उत्तर मात्र वकिलासारखं पूर्ण दिलं. ‘अर्ज केला हाय, दाईमाय. वरून अजून जबाब नाई.’

‘मंग राह्य खुशाल,’ ती त्यांचा हात धरून म्हणाली. ‘जबाब येईपर्यंत कोनी काढत नाई.’

त्या आठवड्यातच साडू गेले. अक्का अजून त्याच घरात राहते, आम्ही अजूनही सुट्टीत जातो. ओसरीवरची खडूची रेघ कधीच पुसली गेली. तिथे आता मुलं सागरगोटे खेळतात. पण चपला काढताना मी उंबऱ्यावर क्षणभर थांबतो. प्रयोजन, मुक्काम, परतीची सोय, तिन्ही उत्तरं माझी तयार असतात. बायको मागून म्हणते, चला ना आत, कोण विचारणार आहे? मी म्हणतो, हो, आणि तरीही थोडा वेळ उभा राहतो.